मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, तेव्हा माणसं बदलायची का?

"मॅडम, दर आठवड्याला दोन तास मीटिंग घेतो. मीच बोलतो, बाकीचे माना डोलावतात. बाहेर पडलं की कामं होती तिथंच!" नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान उद्योजकाशी सल्ल्यासाठी बोलायला बसलं की ही तक्रार हमखास येते. पाठोपाठ प्रश्नही ठरलेला असतो, "माणसं बदलू का?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असं असतं. का, ते एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

अंबडमधला एक प्रेस शॉप. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात, तीसेक माणसं कामाला. वडील, म्हणजे अप्पा, आणि काका जुने भागीदार. मुलगा इंजिनिअर होऊन धंद्यात आला आणि तोही भागीदार झाला. कष्टाळू, माणसांशी नीट वागणारा मुलगा. सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू झाली की तो सुपरवायझर, टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवणारा, दुरुस्त करणारा विभाग), क्वालिटी, डिस्पॅच आणि अकाउंट्सच्या ताई अशा सगळ्यांना केबिनमध्ये बसवायचा.

मी त्याच्याकडे मीटिंगची वही मागितली. तीत एका डायची (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची) दुरुस्ती बाहेर द्यायचं ठरल्याची नोंद लागोपाठ तीन सोमवारी होती. म्हणजे तीनदा ठरलं आणि एकदाही झालं नाही. तो म्हणाला, "सुपरवायझर ऐकत नाही." सुपरवायझरशी मी वेगळी बोलले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "सोमवारी ठरतं ते रात्री जेवताना अप्पांच्या कानावर जातं. मंगळवारी मला अप्पांचा फोन, की आपल्याच टूलरूममध्ये करा, बाहेर पैसे कशाला घालवायचे. मग मीटिंगमध्ये बोलून वाईट कुणी व्हायचं?"

या माणसांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. निर्णय त्या केबिनमध्ये होत नाही हे त्यांनी मालकाच्या आधी ओळखलं होतं. अशा ठिकाणी मीटिंगचं कौशल्य शिकवणारं कितीही प्रशिक्षण द्या, पैसा वाया जातो.

मुलाबरोबरच्या माझ्या पुढच्या बैठकीला अप्पा आले, हे ऐकलं आणि दुखावले. "म्हणजे मी आता बोलायचंच नाही का?" एका जुन्या प्रेसवर धंदा उभा केलेला माणूस असं विचारतो, तेव्हा त्याला गप्प करणं हा उपाय असूच शकत नाही. मी म्हटलं, "बोलायचं, पण सगळ्यांसमोर, ठरण्याच्या आधी." बराच वेळ बोलणं झालं आणि बापलेकांनी एक गोष्ट मान्य केली. कारखान्याचं जे घरी सुचेल ते वहीत लिहायचं आणि पुढच्या मीटिंगला मांडायचं. खरंच तातडीचं असेल तर अप्पांनी मुलाला सांगायचं, सुपरवायझरला नाही.

एवढं जमल्यावर मग बाकीच्या गोष्टींना अर्थ आला. वेळ आधी बदलली. सोमवारी सकाळी प्रेस सेट होत असताना सुपरवायझरला खुर्चीत अडकवणं म्हणजे पहिले नग रिजेक्शनमध्ये घालवणं. आता रोज शिफ्टच्या सुरुवातीला मशिनजवळ उभ्यानं दहा मिनिटं बोलतात, फक्त आज काय अडलंय एवढ्यावर. बसून मीटिंग बुधवारी दुपारी, पाऊण तास. उधारीचा विषय तिथून काढून महिन्यातून एकदा, २० तारखेनंतर ठेवला. जीएसटीच्या दर महिन्याच्या विवरणपत्रांची, जीएसटीआर-१ ची ११ आणि थ्री-बीची २० तारीख डोक्यावर असताना ताईंना वसुलीचे तक्ते मागणं त्रासदायकच होतं.

विषयपत्रिकेवर पूर्वी 'उत्पादन, क्वालिटी, पेमेंट, इतर' असं असायचं. त्यावर माणूस काय तयारी करून येणार? आता प्रश्न लिहितात, आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. उदाहरणार्थ, 'या गिऱ्हाइकाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे गेलंय, पुढचा माल थांबवायचा का?' (नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्यासाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांचीच मर्यादा आहे. त्यामुळे ताईंना फोनवर काय बोलायचं तेही ठरवता येतं.) प्रश्नापुढे शेवटी कोण ठरवणार त्याचं नाव असतं.

बोलण्याचा क्रमही उलटा केला. टूलरूमचा सगळ्यांत तरुण मुलगा आधी, अप्पा शेवटी. अप्पांना हे पटवायला मला लष्करी न्यायालयांची जुनी पद्धत सांगावी लागली. तिथे कनिष्ठाचं मत आधी घेतात, वरिष्ठाच्या मताचं दडपण येऊ नये म्हणून. देवळालीच्या तोफखान्यातले मित्र असल्यानं त्यांना ते लगेच रुचलं.

एक गाठ मात्र मागाहून सापडली. मुलाला जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरीवर भाग बनवून देणं) सोडून किचन ट्रॉलीचं स्वतःचं उत्पादन सुरू करायचं होतं आणि तो हे बुधवारच्या मीटिंगमध्ये रेटत होता. काका त्या मीटिंगला नसायचे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १२ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर नेहमीच्या बाबतीतला मतभेद बहुमतानं मिटवता येतो, तोही प्रत्येक भागीदाराला आधी मत मांडू देऊन. धंद्याचं स्वरूप बदलायचं तर सगळ्यांची संमती लागते. तो विषय कामगारांसमोर काढायचाच नव्हता. तिघा भागीदारांची वेगळी बैठक झाली, काकांनी स्पष्ट नकार दिला, कर्जाची कारणं सांगितली. मुलगा नाराज आहे. त्या नाराजीवर आमचं बोलणं अजून चालू आहे, पण निदान नकार समोरासमोर मिळाला.

तुमच्याकडेही सगळे गप्प बसत असतील, तर गेल्या तीन मीटिंगची वही काढा. एका बाजूला काय ठरलं ते लिहा. दुसऱ्या बाजूला त्यातलं नंतर काय बदललं, कुणी आणि कुठे बसून, तेही लिहा. माणसं बदलण्याचा विचार त्यानंतर करा.