अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पाचं मूल्यमापन संस्थेने स्वतः करावं की बाहेरून करून घ्यावं?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: तरुणांना रोजगार प्रशिक्षण देणारा तीन वर्षांचा अनुदानित प्रकल्प, पहिलं वर्ष संपत आलंय, संस्थेत आकडेवारी सांभाळणारी एकच व्यक्ती आहे आणि संचालकांचं म्हणणं, ‘आपलं काम आपल्यालाच जास्त कळतं, बाहेरच्यांवर पैसे कशाला घालवायचे?’ मी आधी एका संस्थेच्या एम अँड ई (देखरेख आणि मूल्यमापन) विभागात होतो आणि आता बाहेरून मूल्यमापनं करतो. म्हणजे माझं पोट यावर आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सगळ्यात आधी अनुदानाचा करार आणि मंजूर अंदाजपत्रक काढून बसा. त्यात ‘स्वतंत्र’ किंवा ‘त्रयस्थ’ मूल्यमापनाची अट असेल, तर विषय संपला. संस्थेने स्वतः लिहिलेला अहवाल कितीही चांगला असला तरी चालणार नाही. अट नसेल तर मूल्यमापनासाठी वेगळी रक्कम धरली आहे का, ते बघा. परदेशांना विकासासाठी मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेने २०११ च्या धोरणात प्रकल्पखर्चाच्या सरासरी किमान ३ टक्के रक्कम बाह्य मूल्यमापनासाठी असावी असं म्हटलं होतं. आतलं-बाहेरचं सगळं धरून ५ ते १० टक्के, असा ठोकताळा या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. अर्ध्या टक्क्यात कोणाला बोलावलंत, तर तो दोन दिवस फिरून तुमच्याच तिमाही अहवालांची बेरीज करून देईल. त्यापेक्षा नकोच.

करार मोकळा असेल तर स्वतःला विचारा, की निष्कर्ष हातात आल्यावर कोण काय ठरवणार आहे? काम चालू असताना सुधारणेसाठी केलेलं मूल्यमापन वेगळं आणि काम झाल्यावर निवाड्यासाठी केलेलं वेगळं, ही मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये केलेली विभागणी इथे अजून कामाला येते. दुसऱ्या महिन्यानंतर मुली वर्ग का सोडतात, संगणकाचा तास कंटाळवाणा का होतो, हे सुधारणेचे प्रश्न. त्यांची उत्तरं पुढची तुकडी सुरू व्हायच्या आत हवीत. टीओआर (काय काम हवं त्याचा लेखी तपशील), दरपत्रकं, करार असं करत बाहेरचा माणूस येईपर्यंत एखादी तुकडी शिकून बाहेरही पडलेली असते. हे काम घरच्यांचंच. ‘या प्रशिक्षणामुळे नोकऱ्या लागल्या का आणि पुढचं अनुदान द्यावं का’ हा मात्र निवाड्याचा प्रश्न, आणि तिथे आतल्या माणसाची गोची होते.

तो खोटं लिहितो असं नाही. समजा ३०० जणांनी नाव नोंदवलं, २१० जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं आणि त्यातल्या १४७ जणांना नोकरी लागली. पूर्ण करणाऱ्यांत मोजलं तर ७० टक्के यश, नाव नोंदवणाऱ्यांत मोजलं तर ४९. दोन्ही आकडे खरे आहेत. आतला माणूस ७० लिहितो, कारण शेवटपर्यंत वर्गात बसलेली मुलंच त्याच्या डोळ्यांसमोर असतात. बाहेरचा पहिल्याच बैठकीत विचारतो, उरलेले ९० कुठे गेले? आणि त्याच्या पाठोपाठ जास्त बोचरा प्रश्न: या १४७ पैकी कितींना प्रशिक्षण न घेताही नोकरी लागली असती? सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले? हे प्रश्न तुमच्या आकडेवारीवाल्या सहकाऱ्यालाही सुचत असतील. पण ते विचारल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर चहा प्यायचा असतो.

माहिती कोण गोळा करतं, यानेही खूप फरक पडतो. ज्याने शिकवलं त्यानेच फॉर्म पुढे करून ‘उपयोग झाला ना?’ असं विचारलं, तर ‘हो सर’ याशिवाय काय ऐकू येणार? पुढच्या मुलाखतीला त्याच सरांची शिफारस लागणार असते. यावर निम्मा उपाय घरातही करता येतो: एका केंद्राची माहिती दुसऱ्या केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी गोळा करायची.

एवढं असूनही ‘बाहेरचा म्हणजे निष्पक्ष’ हे समीकरण मला मान्य नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आमच्या धंद्याला चपखल बसते. प्रकल्पाचा व्यवस्थापकच मूल्यमापक निवडतो, त्याचं बिल तोच मंजूर करतो आणि मसुद्याच्या समासात ‘हे जरा सौम्य करा’ असंही तोच लिहितो. मग पहिल्या मसुद्यातलं ‘निम्म्याहून जास्त जणांना नोकरी लागली नाही’ हे वाक्य तिसऱ्या मसुद्यात ‘रोजगारप्राप्तीबाबत सुधारणेस वाव आहे’ असं होऊन बसतं. उलट, थेट विश्वस्त मंडळाला अहवाल देणारी आणि जिची बढती प्रकल्पप्रमुखाच्या हातात नाही अशी आतली व्यक्ती कितीतरी मोकळेपणाने लिहू शकते. म्हणून मूल्यमापक कुठल्या संस्थेचा आहे यापेक्षा मसुद्यावर शेवटचा हात कोणाचा फिरतो, हे मी आधी बघतो.

बाहेरच्यांचा आणखी एक दोष म्हणजे त्यांना बोलावलंच जातं शेवटच्या तिमाहीत. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची नोंद, केलेली नसते. मग ‘प्रशिक्षणाआधी महिन्याला किती कमवत होतात?’ हे आठवणीवर विचारावं लागतं आणि लोक अंदाजाने काहीतरी सांगतात. त्या अंदाजावर आलेख काढले जातात. (मूल्यमापनात काय काय तपासायचं यासाठी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे निकष वापरले जातात. ते १९९१ मध्ये पाच होते, २०१९ मध्ये सुसंगतीची भर पडून सहा झाले. निकष चांगलेच आहेत. पण सहा मथळे टाकून प्रत्येकाखाली दोन पानं भरली की अहवाल तयार, असं समजणारे मूल्यमापकही भरपूर आहेत. असा माणूस ओळखायचा तर त्याचे आधीचे दोन अहवाल मागवा आणि फक्त शिफारशी वाचा. त्या कुठल्याही प्रकल्पाला चालतील अशा असतील, तर नमस्कार करून निरोप द्या.)

तुमच्या जागी मी असतो तर काम वाटून घेतलं असतं. बाहेरच्या मूल्यमापकाला आत्ताच थोड्या दिवसांसाठी नेमा आणि निर्देशक (यश कशावरून मोजायचं), प्रश्नावली, नमुना कसा निवडायचा हे त्याच्याकडून ठरवून घ्या. महिन्याच्या महिन्याला माहिती गोळा करणं आणि त्यावर वर्गात बदल करणं, हे तुमच्या सहकाऱ्याकडे. दुसऱ्या वर्षी मूल्यमापकाने काही नोंदी स्वतः निवडाव्यात आणि त्या लोकांना थेट फोन करून पडताळाव्यात. शेवटचं विश्लेषण आणि अहवाल त्याचा. नेमणूक आणि बिल विश्वस्त मंडळाकडून, प्रकल्पाकडून नाही. पूर्ण बाह्य मूल्यमापनापेक्षा यात खर्च कमी येतो, कारण फिरतीचा मोठा भाग घरचेच लोक करतात. संचालकांना पटेल ते बहुधा एवढंच.

करारात दोन कलमं घाला. मसुद्यात संस्थेने फक्त तथ्यांच्या चुका दाखवायच्या, निष्कर्ष पटला नाही तर आपलं उत्तर अहवालाला वेगळं जोडायचं. आणि कच्चा डेटा, कुठल्या रकान्यात काय आहे याच्या यादीसकट, संस्थेकडे परत आला पाहिजे.

करार होईल तेव्हा होईल, पण प्रशिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांचे फोन नंबर या आठवड्यातच एका जागी लिहून काढा. एकेकाला फोन लावून नंबर चालू आहे ना ते बघा आणि पुढे कोणी विचारायला फोन केला तर चालेल का, हेही विचारून ठेवा. दोन वर्षांनी यातले बरेच नंबर बदललेले असतील.