बॅटरी जोडताना ठिणगी का उडते?

घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या वायरिंगबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ४८ व्होल्टचा लिथियम पॅक कंट्रोलरला (मोटरला वीज पुरवणाऱ्या पेटीला) जोडताना दर वेळी मोठी ठिणगी उडते. कनेक्टरची पिन काळी पडली आहे. चावी तर बंदच असते, मग करंट जातो कुठे?

कंट्रोलरच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांमध्ये. ते थेट बॅटरीच्या प्लस-मायनसवर बसवलेले असतात, चावीचा त्यांच्याशी संबंध नाही. चावीची बारीक वायर फक्त कंट्रोलरच्या आतलं सर्किट चालू करते. रिकामा कॅपॅसिटर जोडल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो. त्या झटक्यात पिन जळते. काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले) असेल तर त्याचे पॉइंट वेल्ड होऊन चिकटतात, आणि हे जास्त वाईट, कारण मग ऐनवेळी बॅटरी तोडायला काही हातात राहत नाही.

उपाय स्वस्त आहे. काँटॅक्टरच्या दोन मोठ्या टोकांना समांतर १०० ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि त्याच्या सिरीजमध्ये एक पुश बटण. कॅपॅसिटर एकूण १०,००० मायक्रोफॅरड धरले तर १०० ओहममधून टाइम कॉन्स्टंट (कॅपॅसिटर किती वेळात भरतो याचं माप) येतो १ सेकंद. त्याच्या पाचपट, म्हणजे ५ सेकंद बटण दाबून ठेवलं की ते ९९ टक्के भरतात. सुरुवातीचा करंट जेमतेम अर्धा अँपिअर असतो. पॅक पूर्ण चार्ज असेल तर पहिल्या क्षणी रेझिस्टरवर २५ वॅटपेक्षा थोडा जास्त भार येतो, पण वायरवाउंड तेवढं सहज सोसतो. कार्बनचा पाव वॅटवाला मात्र धूर काढेल.

फसायला होतं ते इथे : डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॅकचं व्होल्टेज दिव्यांसाठी कमी करणारा) किंवा हेडलाइट कंट्रोलरच्या बाजूला जोडलेले असतील, तर त्यांचा करंटही याच रेझिस्टरमधून ओढला जातो आणि व्होल्टेज मध्येच अडकून बसतं. म्हणून काँटॅक्टर चालू करण्याआधी त्याच्या दोन टोकांमध्ये मीटर लावून बघा. फरक २-३ व्होल्टच्या आत आला पाहिजे. बॅटरी काढल्यावरही कॅपॅसिटर भरलेलेच राहतात, तेव्हा हात घालण्यापूर्वी त्याच रेझिस्टरने ते रिकामे करा.

प्रश्न : मेन स्विच आणि फ्यूज म्हणून घरातला एसी एमसीबी लावला तर चालेल का?

नाही. ५० हर्ट्‌झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पॉइंट उघडताना पेटलेला आर्क (हवेतून जाणारी विजेची ज्वाला) आपोआप विझतो. बॅटरीचा डीसी करंट असा कधी शून्यावर येत नाही. एमसीबी ट्रिप होईल, पण आतला आर्क जळतच राहू शकतो. कारमधले पात्यांचे फ्यूजही नकोत, त्यांचं रेटिंग साधारण ३२ व्होल्टचं असतं. १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकला ५१.२ व्होल्टचा म्हणतात, पण पूर्ण चार्जला तो ५८.४ व्होल्टवर असतो. फ्यूजवर त्याहून जास्त डीसी व्होल्टेज छापलेलं हवं.

कंट्रोलर बॅटरीकडून १०० अँपिअर घेत असेल तर १२५ अँपिअरचा फ्यूज आणि २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक केबल घ्या. फ्यूज प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. तो वाचवतो केबलला, आणि त्याच्या अलीकडचा, बॅटरीकडचा तुकडा संरक्षणाविनाच राहतो.

केबल गरम होते अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोषी लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टर्मिनल) असतो. नीट न दाबलेल्या लगमध्ये फक्त २ मिलिओहम रोध असला तरी १०० अँपिअरला तिथे २० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बारीक सोल्डरिंग आयर्नच तिथे चालू ठेवल्यासारखं. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. नुसतं सोल्डर भरू नका : ते तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

प्रश्न : हब मोटर (चाकातच बसवलेली) थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही. फेजच्या (मोटरला वीज देणाऱ्या तीन जाड) वायरी पिवळ्याला पिवळी, हिरव्याला हिरवी अशाच जोडल्या आहेत.

रंगांवर विश्वास ठेवू नका. वेगवेगळ्या कारखान्यांचे कंट्रोलर आणि मोटर असतील तर त्या रंगांना काही अर्थ नसतो.

आधी हॉल सेन्सर, म्हणजे चाक कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणारे सेन्सर तपासा. त्यांच्या बारीक वायरींपैकी लाल-काळ्यात ५ व्होल्टच्या आसपास हवेत. मग मीटरचं काळं टोक काळ्या वायरवर ठेवून चाक हाताने अगदी हळू फिरवा. पिवळी, हिरवी, निळी, तिन्हींवर आळीपाळीने ० आणि ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. एखादी हलतच नसेल तर तो सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर गेलाय. अशा वेळी फेज बदलत बसणं व्यर्थ.

तिन्ही ठीक असतील तर चाक जमिनीवरून उचला, हॉल तशाच ठेवा आणि फेजच्या तीन वायरी अदलून-बदलून पाहा. एकूण जुळण्या ३६ होतात, पण हॉल कायम ठेवल्यावर फक्त ६ उरतात. त्यांतल्या एकाच जुळणीत मोटर नीट चालते, मग ती पुढे फिरो की उलट दिशेने. उरलेल्यांत मोटर अडखळते किंवा आवाज करत, जास्त करंट ओढत फिरते. या शेवटच्या प्रकारानेच जास्त कंट्रोलर जळतात, कारण ‘फिरतंय ना’ म्हणून माणूस पुढे जातो. म्हणून बॅटरीच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर लावा, थ्रॉटल अगदी हलका द्या आणि सर्वांत कमी करंटवाली, शांत जुळणी निवडा. प्रत्येक बदलाआधी बॅटरी तोडायची.

प्रश्न : बॅटरी आणि मोटर यांत दोन मीटर अंतर आहे. कोणत्या वायरी लांब कराव्यात?

मोटरच्या. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा. बॅटरीच्या वायरी लांबल्या की त्यांचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) वाढतो आणि प्रत्येक स्विचिंगचा झटका कंट्रोलरच्या कॅपॅसिटरवर येतो. ते तापतात, फुगतात. बॅटरीच्या प्लस-मायनस जोडीने, एकमेकींना चिकटवून न्या. फेजच्या वायरी जाड घ्या, कमी वेगात त्यांतला करंट बॅटरीच्या करंटच्या दुप्पटही असू शकतो. हॉलच्या वायरी मात्र त्यांच्यापासून वेगळ्या, शिल्ड असलेल्या केबलमधून न्या.

प्रश्न : उतारावर रीजेन ब्रेक (मोटरने वीज परत बॅटरीत भरत लागणारा ब्रेक) लावताच गाडी बंद पडते, तेही सकाळीच. का?

सकाळी बॅटरी भरलेली असते. मोटरकडून येणारी वीज घ्यायला जागा नसल्याने बीएमएस (पॅकचं रक्षण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. मग ती ऊर्जा कंट्रोलरच्या कॅपॅसिटरमध्येच साचते, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर ओव्हरव्होल्टेज दाखवून थांबतो. ते संरक्षण नसेल तर कंट्रोलरमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडतात. पॅक ९० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा किंवा रीजेनची व्होल्टेज मर्यादा बीएमएसच्या तोडण्याच्या आकड्याच्या १-२ व्होल्ट खाली सेट करा.