म्हापशात जुना लॅपटॉप घेतलाय. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉलेशनची एकसंध फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी केली, तरी त्यावरून बूट का होत नाही?

फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर राइट करावी लागते. मशीन सुरू होताना पेनड्राइव्हवर बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शोधतं, आणि तुमचा बूटलोडर अजून आयएसओच्या पोटातच बंद आहे. पणजीतल्या दुरुस्तीच्या दुकानात माझं हे रोजचं काम, आणि निम्म्या गिऱ्हाइकांची चूक हीच असते. पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, चवथीचे फोटो असतील तर आधी हलवा. मग लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची की दाबून त्यात पेनड्राइव्ह निवडा: डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. फक्त लॅपटॉप यूईएफआयच्या (बायोसची जागा घेणारं नवं फर्मवेअर) आधीचा असेल तर रूफसमध्ये पार्टिशन स्कीम म्हणून जीपीटीऐवजी एमबीआर निवडा.