भट्टीला क्वार्ट्झची खिडकी लावून पायरोमीटरने आतलं तापमान मोजता येईल का?

तुम्ही विचारलंय, क्वार्ट्झ पारदर्शक आहे, मग त्यातून इन्फ्रारेड पायरोमीटर, म्हणजे तापलेल्या वस्तूच्या किरणांवरून दुरूनच तापमान सांगणारं उपकरण, का चालू नये? याच 'पारदर्शक' शब्दापायी एमएस्सीच्या प्रोजेक्टचे माझे दोन महिने गेले, म्हणून लिहितेय.

पायरोमीटर ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपणारा असेल तर चालणार नाही. माझा तसाच होता. भट्टीतला थर्मोकपल (आत बसवलेला तारांचा तापमापक) ७०० अंश दाखवायचा, पायरोमीटर २४०. सर म्हणाले, "आतला नमुना लाल दिसतोय ना आरपार? मग खिडकी ठीक आहे, तुझा थर्मोकपल सैल असेल." मी तो चार वेळा बसवला. शेवटी एका संध्याकाळी खिडकीवर टेबलफॅनचा झोत सोडला. पायरोमीटरचा आकडा भराभर उतरला, थर्मोकपल जागचा हलला नाही. म्हणजे इतके दिवस मी खिडकीचंच तापमान मोजत होते! सरांना दाखवलं, तर "बघू नंतर" म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

कारण साधं आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांची कंपनं ९ मायक्रॉनच्या आसपास इतकं शोषतात, की केसाच्या जाडीचा क्वार्ट्झसुद्धा तिथे भिंत होतो. डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश ०.७ मायक्रॉनच्या आतला, त्याचा इथे काय संबंध? खिडकी झिंक सेलेनाइडची घ्या. महाग आहे, पण दोन महिन्यांपेक्षा स्वस्त.

आणि हे शोषण म्हणजे क्वार्ट्झचा दोष नव्हे, त्याची ओळख आहे. १२.५ आणि १२.८ मायक्रॉनवरच्या शोषणाच्या जोडशिखरावरून खाणीतल्या धुळीत स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, किती आहे ते मोजतात. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार त्याच धुळीने होतो. काचेसारख्या अस्फटिक सिलिकात ती जोडी दिसत नाही.

हो, एक राहिलं. तुमचा पायरोमीटर १ मायक्रॉनच्या आसपासचा असेल तर क्वार्ट्झ खुशाल लावा, साधारण साडेतीन मायक्रॉनपर्यंत तो चांगला चालतो. फक्त बाजारात 'क्वार्ट्झ' म्हणून मिळतो तो बहुधा वितळवलेला सिलिका, त्यात हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असेल तर २.७ मायक्रॉनजवळ आरपार जाणाऱ्या किरणांत खड्डा पडतो. उलट ५० मायक्रॉनच्या बऱ्याच पलीकडे क्वार्ट्झचा स्फटिक पुन्हा पारदर्शक होतो. रुबेन्स आणि वुड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९११ साली क्वार्ट्झच्याच भिंगांनी १०० मायक्रॉनच्या पुढचे किरण वेगळे काढले होते.

तेव्हा कोणी नुसतं "क्वार्ट्झ पारदर्शक असतो" म्हणालं, तर आधी तरंगलांबी विचारा. समोर तुमचे गाईड असले तरी विचारा. आणि नाहीच ऐकलं, तर त्यांना समोर उभं करून खिडकीवर पंखा लावा.