एसपी/एपी ०.४६ म्हणजे मेनिएर नक्की का?

आईला अधूनमधून गरगरतं, डाव्या कानात घुमतं आणि इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीच्या (आवाज देऊन आतल्या कानाचे विद्युत सिग्नल मोजणाऱ्या चाचणीच्या) रिपोर्टवर एसपी आणि एपी या दोन सिग्नलांचं गुणोत्तर ‘०.४६, मेनिएरसूचक’ असं लिहिलंय. मेनिएर म्हणजे चक्कर, कान घुमणं आणि ऐकू कमी येणं असा आतल्या कानाचा आजार. हे कितपत धरायचं, असं तुम्ही फोंड्याहून विचारलंय. एवढ्या एका आकड्यावर मी निदान मानणार नाही.

आधी विचारा, इलेक्ट्रोड कुठे होता? कानाच्या नळीत, पडद्याला टेकवून, की पडद्यातून सुई घालून? आत जाल तसा सिग्नल मोठा आणि स्वच्छ मिळतो, आणि ज्याच्या वर गुणोत्तर जास्त मानायचं ती मर्यादा प्रत्येक पद्धतीची वेगळी असते, साधारण ०.३ ते ०.५ च्या आसपास. त्या केंद्राने स्वतःची मर्यादा छापली नसेल तर ०.४६ ला फारसा अर्थ उरत नाही.

मग आलेख मागून घ्या. चाचणीतल्या क्लिकच्या आवाजानंतर सुमारे दीड मिलिसेकंदाला एपीचं (श्रवणनसेच्या सिग्नलचं) टोक दिसतं, त्याच्या अलीकडचा छोटा खांदा म्हणजे एसपी (आतल्या कानातल्या पेशींचा सिग्नल). नळीतल्या इलेक्ट्रोडवर हा खांदा इतका बारीक असतो की कर्सर जरासा सरकला तरी गुणोत्तर बदलतं. म्हणून एकाच कानाचे किमान दोन आलेख हवेत आणि ते एकमेकांवर बसायला हवेत. ऐकू येणं आधीच बरंच कमी झालं असेल तर एपी खुजा होतो आणि भागाकार भलतंच सांगतो.

अचूकतेचं म्हणाल तर समजा, ही चाचणी आजार असलेल्या १०० पैकी ६० जणांना पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर ‘निगेटिव्ह’ ठरवते. चक्कर येणाऱ्या १०० जणांत २० जणांना मेनिएर असेल, तर १२ खरे आणि ८ खोटे ‘पॉझिटिव्ह’ निघतील. लक्षणं जुळणाऱ्या, ५० जणांना आजार असलेल्या गटात तेच ३० खरे, ५ खोटे. रिपोर्ट तोच, पण भरवसा ६० टक्क्यांवरून ८६ वर जातो. ठणठणीत माणसांशी तुलना करून काढलेली अचूकता तर सहसा फुगलेली असते. खरा पेच इतर चक्करवाल्यांपासून वेगळं काढण्याचा आहे.

चक्करेच्या आजारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या मेनिएरच्या निकषांत ही चाचणी नाहीच. २० मिनिटं ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके, दुखऱ्या बाजूच्या कानात कमी-जास्त होणारी लक्षणं (ऐकू येणं, घुमणं, कान भरल्यासारखा वाटणं), आणि ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर) खालच्या-मधल्या फ्रिक्वेन्सींना नसेचा बहिरेपणा, हे लागतं. तेव्हा ऑडिओग्राम नीट हवा. पंखा किंवा एसी घरघरत असेल तर २५० आणि ५०० हर्ट्झचे उंबरठे (ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज) खोटे वाढतात, म्हणजे नेमके जिथे मेनिएर दिसतो तिथेच. पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशी, मळ असतोच, म्हणून आधी कान तपासून साफ करून घ्या. हाडातून आवाज देऊन घेतलेली ऐकण्याची चाचणीही मागा: हवा आणि हाड यांत खालच्या सुरांना फरक निघाला, तर आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ किंवा नसल्याची शंका येते, आणि त्यातही एसपी/एपी वाढतं.

लक्षणं एकाच कानात असल्याने एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढचा झटका आला की ओसरताच, शक्यतो त्याच दिवशी, ऑडिओग्राम करून घ्या आणि शांत दिवसातल्या ऑडिओग्रामशेजारी ठेवून दोन्ही दाखवा.