माझा विश्वास कमी पडला म्हणून ती गेली का?

"ताई, मले आता भजन म्हनाचं नाई. ढोंग वाटते."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले हे भाऊ. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत खंजिरी घेऊन ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणणारा माणूस. बायकोला कर्करोग झाला. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, चर्चच्या मंडळीनं उपास-प्रार्थना केली, तरी ती गेली. आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं सगळ्यांसमोर सांगितलं, घरात कोणाचा तरी विश्वास डळमळीत असेल.

"त्या राती मलेच वाटलं होतं, देव आयकते का नाई. म्हनजे माह्यामुळंच गेली ना?"

हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की असं बोलणाऱ्या प्रचारकांचा मला आजही राग येतो. दुःखात बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर वर आणखी दगड ठेवायचा?

पण आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग सरळच विचारलं, "भाऊ, जगू नये असं वाटते का?" पावसाळ्यात वाटत होतं, आता नाही, म्हणाले. हे विचारल्याशिवाय मी बायबल उघडत नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी, मोफत नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथंच घालून दिला, आणि त्यांच्या परवानगीनं भावाशीही बोलले.

त्यांना सर्वांत जास्त छळत होतं याकोबाच्या पत्रातलं वचन: शंका घेणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो. मी म्हटलं, एक वचन मागं जाऊन वाचा. तिथं विषय आहे देवाकडं शहाणपण मागण्याचा, आणि तो दोष न लावता देतो असं लिहिलंय. पुढं आठव्या वचनात जो द्विबुद्धीचा माणूस येतो, तो दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. रात्रभर जागून "ऐकतोस का रे?" असं देवालाच विचारणाऱ्याच्या माथी ते वचन कसं मारायचं?

मग आम्ही योहानाचा अकरावा अध्याय काढला. लाजर मरून चार दिवस झालेले. त्याची बहीण मार्था गावाबाहेर येऊन प्रभू येशूला तोंडावर सांगते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरिया येते, तिचंही तेच वाक्य. प्रभूनं दोघींपैकी कोणालाही "तुझा विश्वास कमी पडला" म्हटलं नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "असं देवाले म्हनता येते?"

येतं. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप एकाच दमात विश्वासही सांगतो आणि अविश्वासासाठी मदतही मागतो. त्याचा मुलगा बरा होतो. तुमची बायको बरी झाली नाही. ती का झाली नाही, याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते असल्याचं सोंग मी घेणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

भजनाचं मात्र ठरवायचं होतं. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, ती गोष्ट त्यांना पाठ होती. प्रभूनं कोणाचा विश्वास पाहिला, एवढंच मी विचारलं. "त्यांचा," ते म्हणाले. "खाटेवरल्याचं तिथं काई लिहेल नाई." मग काही रविवार तुम्ही खाटेवर राहा, म्हणाचं काम मंडळी करेल. चर्चच्या पाळकांनाही हे पटलं. भाऊ मागं बसून नुसती खंजिरी वाजवू लागले.

वेचणी आटोपल्यावर ते तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आले. झोप बरी होती.

"प्रार्थना अजून येत नाई," म्हणाले. "मार्थेचं वाक्य तेवढं रोज म्हनतो. तू इथं असतास, तर माही बायको मेली नसती."

"शेवटी आमेन म्हणता?"

"कदी कदी."