'एसएस' (स्टेनलेस स्टील) एक्झॉस्ट घेताना २०२, ४०९, ३०४ आणि ३२१ या ग्रेडमधला फरक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, राहायला रत्नागिरीत, आणि कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट बदलायचाय. एक दुकानदार ३०४ सांगतो, दुसरा ४०९, तिसरा नुसतंच 'एसएस' म्हणून निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. ४०९ च्या पाइपला चुंबक चिकटलं, मग तो नकली का?

नाही, नकली नाही. तुम्ही धास्ती घ्यायला हवी ती तिसऱ्या दुकानदाराची.

४०९ मध्ये साधारण ११ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं आणि थोडं टायटॅनियम असतं. हे फेरिटिक स्टील, त्यामुळे चुंबक चिकटणारच. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे एक्झॉस्ट याच घराण्यातल्या ४०९, ४३९ किंवा ४४१ चे असतात. बाहेरून त्यावर तपकिरी गंजाचा पातळ थर येतो, पण पाइप लगेच सडत नाही. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक चिकटत नाही, फक्त जिथे पाइप वाकवलेला असतो तिथे किंचित ओढ जाणवू शकते.

घोळ होतो तो २०० सिरीजमध्ये. बाजारात २०२ किंवा जे-४ नावाने मिळणाऱ्या मालात महागड्या निकेलची जागा मॅंगनीजने घेतलेली असते. जे-४ मध्ये मॅंगनीज ९ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम १५-१६ आणि निकेल जेमतेम १ ते २. यालाही चुंबक चिकटत नाही आणि पॉलिश केल्यावर तो ३०४ इतकाच चमकतो. म्हणजे चुंबकाने ४०९ ओळखता येतं, पण २०२ आणि ३०४ वेगळे करता येत नाहीत. रेलिंगला, ग्रिलला हा माल चालून जातो. एक्झॉस्टमध्ये, त्यातही खाऱ्या हवेत, वेल्डच्या कडेने तो आधी तांबूस होतो आणि मग तिथेच बारीक छिद्रं पडतात.

ओळखायची सोपी सोय भंगारवाल्यांकडे असते. बाटलीतलं रसायन आणि ९ व्होल्टची बॅटरी. पाइपचा एक कोपरा घासून स्वच्छ करायचा, थेंब टाकायचा, बॅटरीच्या तारा काही सेकंद टेकवायच्या. थेंब लालसर झाला तर मॅंगनीज भरपूर, म्हणजे २०० सिरीज. ३०४ वर तो लाल होत नाही. त्याहून खात्रीचं हवं असेल तर ज्यांच्याकडे एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) आहे त्यांच्याकडून तपासून घ्या. ती क्रोमियम, निकेल, मॅंगनीजचे आकडे सरळ दाखवते. कार्बन मात्र दाखवत नाही, त्यामुळे ३०४ आणि ३०४एल (कमी कार्बनचं ३०४) मधला फरक तिच्याने कळायचा नाही. त्यासाठी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (माल कोणत्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक) पाइपवरच्या छापाशी जुळवून बघा.

आता कुठे काय. टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये ३०४ फार काळ ४५० ते ८५० अंशांत राहतं. त्या पट्ट्यात कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन धातूच्या कणांच्या सीमेवर कार्बाइड साचतं. तिथलं क्रोमियम कमी झालं की गंज आणि चीर तिथूनच सुरू होते. ३२१ मधलं टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं, म्हणून डाउनपाइपला ३२१ चा जास्तीचा पैसा वसूल होतो. तुम्ही कॅटच्या मागचंच बदलताय, तिथे ३२१ ची गरज नाही. कॅट मात्र जागेवरच राहू द्या. ते काढणं बेकायदा तर आहेच, शिवाय मागचा सेन्सर लगेच चेक-इंजिन लावतो.

तुमच्यासाठी १.५ मिमी जाडीचा ३०४एल योग्य. बजेट बसत नसेल तर ४३९ घ्या. त्यात १७-१८ टक्के क्रोमियम असतं आणि किनाऱ्यावर ते ४०९ पेक्षा बरंच टिकतं. समुद्राजवळ राहता म्हणून कोणी ३१६ गळ्यात मारेल. त्यातल्या मॉलिब्डेनमचा उपयोग खाऱ्या पाण्यातल्या खड्ड्यांविरुद्ध होतो, उष्णतेविरुद्ध नाही. फार तर शेवटच्या टिपला (बाहेर दिसणाऱ्या टोकाला) घ्या.

३०४ घेताना एक गोष्ट फिटर सहसा सांगत नाहीत: ते जास्त प्रसरण पावतं. तापमान ५०० अंशांनी वाढलं की १ मीटर पाइप ३०४ चा असेल तर सुमारे ९ मिमी लांबतो, ४०९ चा असेल तर ६ मिमीच्या आसपास. फ्लेक्स (पाइपमधला लवचीक तुकडा) नसला किंवा हँगर (पाइप टांगणारा आधार) बॉडीला घट्ट बांधला, तर ही लांबी कुठेतरी जोर काढते आणि बहुधा फ्लॅंजच्या (जोडाच्या चकतीच्या) वेल्डलाच चीर जाते. म्हणून पुढे फ्लेक्स हवाच, हँगर रबरातच हवेत आणि बंपर-फ्लोअरपासून चहूबाजूंनी निदान १५ मिमी मोकळी जागा हवी.

माझ्या मते ग्रेडपेक्षाही वेल्डिंग जास्त महत्त्वाचं. टिग (आर्गन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग) करताना पाइपच्या आतून आर्गन सोडला नाही तर वेल्डच्या आतल्या बाजूला साखरेच्या दाण्यांसारखा काळा, खरखरीत थर येतो. सायलेन्सरमधलं आम्लयुक्त पाणी तिथेच बसतं आणि चांगलं ३०४ सुद्धा आतून कुजतं. फिटरला पाइपचा एक मोकळा तुकडा जोडायला सांगा आणि आत टॉर्च मारून बघा. जोड आतून रुपेरी किंवा फिकट सोनेरी दिसला पाहिजे. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची तार), पण ३०४ ला गाडीचा मूळ ४०९ पाइप जोडताना ३०९एल. साध्या लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर फिरवू देऊ नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पहिल्या पावसातच ठिपके उमटतात. मग लोक स्टीलला दोष देतात.

रोज २-३ किलोमीटरच गाडी चालत असेल तर मफलर (सायलेन्सर) पुरता तापत नाही आणि आत पाणी साचत राहतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा. मफलरच्या सर्वात खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक ठेवलेलं असेल तर ते बुजवू नका. महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, पण पाइप पूर्ण गार झाल्यावरच. बसवल्यानंतर २००-३०० किलोमीटर झाले की सगळे क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या, तेही गार असतानाच.